वाहने 'झडतीस पात्र'?

रानजाई:
मी पेनसिल्व्हेनियात असते. इथल्या एका तुरुंगात असलेल्या मुलाला भेटायला त्याचे साताऱ्याकडचे आईवडील येणार आहेत. त्यांच्यासाठी भेटीचे नियम मराठीत करून देतेय आणि एका ओळीवर दोन दिवस अडलेय. पार्किंगमधल्या पाटीवर आहे, तुरुंगाच्या प्रॉपर्टीवरची सगळी वाहनं 'सब्जेक्ट टू सर्च'. मी लिहिलं, 'कारागृहाच्या मालमत्तेवरील सर्व वाहने झडतीस पात्र आहेत.' नवरा म्हणाला, पात्र म्हणजे काय, शिष्यवृत्ती आहे का? त्या मुलाच्या आईला, मी मावशी म्हणते त्यांना, फोनवर वाचून दाखवलं तर त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "झडती? आम्ही काय केलंय बाई?" 'तपासणी' लिहू का? की त्याने अर्थ पातळ होतो?

कोपरखळी:
आधी 'मालमत्ता' काढा. मालमत्तेवर जप्ती येते, गाड्या उभ्या राहतात आवारात. 'कारागृहाच्या आवारातील कोणत्याही वाहनाची झडती घेतली जाईल.' संपलं.

रानजाई:
'जाईल' नाही, 'जाऊ शकते'. दर वेळी घेत नाहीत.

जुना_कारकून:
नोकरी कोर्टात गेली, म्हणून बोलतो. दोन्ही शब्द एक नव्हेत. आपला १८९४ चा तुरुंग कायदा काढा, कलम २०. आत-बाहेर जाणारी कुठलीही वस्तू गेटकीपर 'एक्झामिन' करू शकतो, पण माणसाची 'सर्च' घ्यायची तर संशय हवा. कलम ४१ मध्ये भेटायला येणाऱ्यांचं तेच: जेलरला संशय असेल तर झडती, तीही कैद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटकऱ्यासमोर नाही. नकार दिला तर आत सोडायचं नाही, एवढंच. म्हणजे वस्तूची तपासणी, संशयिताची झडती. आता गाडी वस्तू की माणसाचा भाग, ते तुम्ही ठरवा.

रानजाई:
तुमची फोड इथे चालत नाही हो. इथे राज्यघटनेची चौथी दुरुस्ती आहे, अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी. पण २००५ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने इथल्याच हंटिंग्डनच्या तुरुंगाबाबत निकाल दिला, की भेटकऱ्यांच्या गाड्यांसाठी संशयसुद्धा लागत नाही. कारण मला पटण्यासारखं वाटलं: बाहेरच्या कामावर नेलेले काही कैदी पार्किंगमधल्या गाड्यांपर्यंत पोचू शकतात. पाट्या लावलेल्या, संमतीच्या कागदावर सही घेतात, सही नको असेल तर भेट न घेता परत फिरायचं. म्हणजे संशय नाही, तरी 'सर्च'च.

कोपरखळी:
मुलाला भेटायला सातासमुद्रापार आलेली आई परत फिरेल? छान संमती आहे.

शुद्धमती:
'झडती' मुळात पोलिसी आणि उग्र. 'सर्च'ला 'शोध' असताना ही ओढाताण कशाला? 'वाहनशोध' म्हणावे.

कोपरखळी:
वाहनशोध म्हणजे मॉलच्या बेसमेंटमध्ये आपली गाडी कुठे लावली ते आठवत फिरणं. मी दर रविवारी करतो.

गिरणगावकर:
झडतीला उग्र म्हणू नका. माझे आजोबा परळला गिरणीत होते. पाळी सुटली की गेटवर ओळीने उभं राहायचं, दोन्ही हात वर, पहारेकरी कमरेपासून चापपायचा. जेवणाचा डबा उघडून उलटा करून दाखवायचा. आजोबा त्याला 'झाडा देणं' म्हणायचे. 'झाडा देऊन येतो' हे ते रोज इतक्या सहज म्हणायचे, की आम्हाला लहानपणी ती कसलीशी पूजा वाटायची. झाडणे, झडणे, झडती, एकच घराणं. कपडे झटकून दाखवा, काही पडतंय का बघू. त्यात आरोप कुठे आला?

शुद्धमती:
आरोप नसेल तर 'झाडाझडती' शिव्या खाण्याच्या अर्थाने कशी आली? उलट 'तपास' बघा, तपस्येतला तप. सात्त्विक शब्द.

जुना_कारकून:
बाई, 'तपास' अरबी 'तफह्हुस'वरून आल्याचं मानतात. तपस्येशी संबंध नाही. आणि 'तपास' लिहिलंत तर गुन्हा आधीच दाखल झाला असा अर्थ होईल.

शुद्धमती:
'मानतात'. सिद्ध कुठे आहे?

बांदेकर:
आमच्याकडे गोव्यातून येताना नाक्यावर पोलीस वाकून एकच म्हणतो, "डिकी उघडा." झडती नाही, तपासणी नाही. सगळ्यांना कळतं. बाटल्यांनाही.

रानजाई:
अरे हो, तेही विचारायचं होतं! नियमात 'ट्रंक' आहे. मावशींना ट्रंक म्हणजे पलंगाखालची लोखंडी पेटी वाटते. 'डिकी' लिहिलं तर चालेल ना?

शुद्धमती:
'सामानकक्ष'.

कोपरखळी:
नको. 'डिकी'च.

गिरणगावकर:
डिकी हा शब्द इंग्रजांनीही सोडून दिला असेल. जुन्या मोटारींना मागे उघडी बैठक असायची ती 'डिकी सीट'. ती गेली, आपल्याकडे शब्द राहिला.

बांदेकर:
डिकी की डिक्की? आमच्या गॅरेजवाल्याने पाटीवर दोन क लिहिलेत.

जुना_कारकून:
एकच क. माझ्या पहिल्या स्कूटरलाही डिकी होती, हातमोजे ठेवायची.

बांदेकर:
हातमोजे? कोकणात?

रानजाई:
विमान शुक्रवारी आहे. तोवर मी लिहिलंय: 'आवारात आलेल्या कोणत्याही गाडीची झडती घेतली जाऊ शकते, ती कोणाचीही घेतात.' शेवटचे तीन शब्द पाटीवर नाहीत.

जुना_कारकून:
मग ते भाषांतर नव्हे.

गिरणगावकर:
स्कूटर कुठली होती?