चष्मा असेल तर आयपीस घेताना

१३०/६५० न्यूटोनियनसाठी (१३० मिमी व्यासाची, ६५० मिमी फोकल लांबीची आरशाची दुर्बीण) ६ आणि २५ मिमीचे दोन प्लॉसल (आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचा, एक प्रकार) पुरेत, हा या चर्चेत कुणी दिलेला सल्ला निम्मा पटला. २५ मिमी घ्याच. पण ६ मिमीचा प्लॉसल नको. प्लॉसलमध्ये डोळा भिंगापासून फोकल लांबीच्या साधारण ७० टक्के अंतरावर ठेवावा लागतो, म्हणजे इथे जेमतेम ४ मिमी. पापणी घासते, भिंगावर तेलकट डाग पडतो आणि शनी धुरकट दिसायला लागतो. त्यापेक्षा ६६ अंशांचं दृश्यक्षेत्र दाखवणारे 'गोल्डलाइन' आयपीस ६ किंवा ९ मिमीचे बघा, एकच माल तीन-चार नावांनी विकतात, तेव्हा स्वस्त मिळेल तो घ्या.

चष्मेवाल्यांचा मुद्दा चर्चेत कुणी काढला नाही. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढा, फोकसरनेच (फोकस जुळवायच्या चाकाने) भागतं. सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्याचा) फोकसने जात नाही. मात्र या एफ/५ (फोकल लांबी व्यासाच्या पाचपट) दुर्बिणीत ६ मिमी आयपीसमधून येणारा प्रकाशाचा झोत १.२ मिमीचाच असतो, बुबुळाचा मधला तुकडा तेवढा वापरला जातो आणि दोष फारसा जाणवत नाही. २५ मिमीला तो झोत ५ मिमी होतो, तिथे तारे शेपटीवाले दिसतात. चष्मा तिथे लागतो.