‘तो जरा तसला आहे’ : मालिकेतल्या समलिंगी पुरुषाला म्हणायचं काय?

गोदाकाठ : सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी टीव्हीवरच्या समलिंगी पुरुषांच्या चित्रणावर लेख लिहितोय. नाशिकच्या कॉलेज रोडवरची सोसायटी, पण वाचक आजीपासून अकरावीच्या पोरापर्यंत सगळे. गाडी शब्दांपाशी अडली आहे. विनोदी कार्यक्रमात ‘बायल्या’ येतो, जुन्या माणसांच्या तोंडी ‘नाच्या’, बातम्यांत ‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ दोन्ही, पोरं ‘गे’ म्हणतात. मालिकेत बहुतेकदा यातलं काहीच नसतं. आत्याबाई आवाज खाली आणून ‘तो जरा तसला आहे’ म्हणतात आणि जाहिराती लागतात. हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत का?

तिवंधा चौक : मुळीच नाहीत. ‘बायल्या’ हा ‘बाईल’वरून आलेला शब्द. त्यात शेवटचा ‘या’ हा ‘काळ्या’, ‘जाड्या’, ‘चष्म्या’ या शब्दांतलाच, माणसाला खाली ओढणारा. अर्थ बायकी, पण रोजच्या वापरात भित्रा, रडका. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगानं भरलेल्या हौदात, उडी मारायला कचरणारा पोरगा आमच्याकडे लगेच बायल्या ठरतो. त्याचा जीव कुणावर जडलाय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. टीव्हीनं नेमका इथेच घोळ घातलाय. चालणं-बोलणं ही एक गोष्ट, ओढ कुणाची ही दुसरी. पडद्यावर मात्र हात लचकला, ‘अय्या’ म्हणाला, मागे ढुंय वाजलं, की प्रेक्षकानं दुसरी गोष्ट आपोआप समजून घ्यायची. त्यामुळे चारचौघांसारखा चालणारा समलिंगी पुरुष मालिकेत दिसतच नाही, आणि नाजूक बोलणारा पण बायकोवर जीव टाकणारा पुरुष फुकट बदनाम होतो.

सिडकोवाला : एवढं काय मनावर घ्यायचं भाऊ? पुरुषानं साडी नेसून हसवणं आपल्याकडे आजचं नाही. तमाशातली मावशी कोण असते? मिशा काढलेला बाप्याच ना!

हौशी नट : मावशीचं नाव काढलंत म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडे तीन वेगळ्या परंपरा आहेत आणि तिन्हींचा ‘तसला’शी मूळ संबंध नाही.

पहिली स्त्रीपार्टी. संगीत नाटकात पुरुषानं स्त्रीची भूमिका गंभीरपणे करायची. बालगंधर्वांना कुणी हसत नव्हतं, उलट घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला बघत. सिनेमाचंही तेच. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. पुढे १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. लोकांनी पडद्यासमोर हात जोडले.

दुसरा नाच्या. तमाशाच्या फडात नाचणारा पुरुष. हे काम आहे, शिव्या खाऊन केलेलं कष्टाचं काम. तो घरी गेल्यावर कोण असतो हे त्या शब्दात नाही.

तिसरी मावशी. गवळणीत वाट अडवणाऱ्या कृष्णाला आणि पेंद्याला ती उलट बोलते, बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांत, तिचीच सरशी होते. हशा ती स्वतः घेते. आता टीव्हीवरचं प्रहसन बघा. तिथे नाजूक माणूस नायकाच्या खांद्यावर हात ठेवतो, नायक अंग चोरतो, बाकीचे खिदळतात. हशा त्याच्यावर पडतो. त्याला उलट बोलायला वाक्यच दिलेलं नसतं. साडी तीच असेल, पण मावशीशी याचं नातं सांगू नका.

सिडकोवाला : बतावणीचा मुद्दा मान्य. पण मग विनोद करायचाच नाही का?

हौशी नट : करा की. त्याच्याही तोंडी एखादा द्या.

शुद्धलेखनवाली : मूळ प्रश्नाकडे येते. ‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ दोन्ही चालतात. मराठी वर्तमानपत्रांत ‘समलिंगी विवाह’ रुळलाय, भाववाचक नाम करताना मात्र ‘समलैंगिकता’ सोपं पडतं. लेखात पुरुषाबद्दल ‘समलिंगी पुरुष’ लिहावं. ‘गे’ बोलताना ठीक, लिहिताना विभक्तीत पंचाईत होते. ‘मालिकेतल्या एका गेला’ असं छापलंत तर आजी विचारतील, कुठे गेला? ‘गे पात्राला’ करा, सुटाल. आणि ‘समलिंगी’ला पर्याय म्हणून ‘तृतीयपंथी’ कधीही नको. तो प्रश्न स्वतःची ओळख काय याचा आहे, प्रेम कुणावर याचा नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकालही वेगवेगळे आहेत. तृतीयपंथीयांच्या ओळखीचा २०१४चा, आणि भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळणारा ६ सप्टेंबर २०१८चा. त्या दुसऱ्या निकालाआधी बातम्यांत ‘अनैसर्गिक’ हा कायद्यातला शब्द सर्रास असायचा. मालिकेतल्या सासऱ्याच्या तोंडी तो अजून ऐकू येतो. पोलीस ठाण्यातला शब्द, देवघरासमोर उभं राहून उच्चारलेला.

गोदाकाठ : म्हणजे चांगलं उदाहरण टीव्हीवर नाहीच असं लिहू?

तिवंधा चौक : नका लिहू. हिंदीत २०१०च्या सुमारास ‘मर्यादा : लेकिन कब तक?’ या मालिकेत लग्न झालेला समलिंगी नवरा होता. तिथे चेष्टा नव्हती, घुसमट होती. दोघांचीही, त्याची आणि बायकोची. २०१९च्या ‘मेड इन हेवन’ या वेबमालिकेतला करण तर मुख्य पात्र, व्यवसाय करतो, कर्जात बुडतो, खोटं बोलतो, घरमालक चोरून त्याचं चित्रीकरण करतो म्हणून ३७७खाली पकडला जातो. चांगलं-वाईट सगळं त्याच्यात आहे. फक्त ते ॲपवर. रात्री आठला सगळं घर जेवायला बसतं तेव्हा जो टीव्ही चालू असतो, त्यावर अजून ढुंयच वाजतं.

हौशी नट : एक सांगायचं राहिलं. ‘तसला’ हा शब्द संवादात दिसतो, पण खरी गंमत संहितेतल्या कंसात असते. स्पर्धेच्या नाटकांच्या तालमी केल्यात, तिथे अशा पात्राच्या नावापुढे ‘(नाजूक चालीत प्रवेश)’ लिहिलेलं हमखास सापडतं. वय काय, नोकरी कुठे, राहतो कुणाबरोबर, काही नाही. बाकी प्रत्येक पात्राला असतं. मी एकदा दिग्दर्शकाला विचारलं, हा करतो काय? तो म्हणाला, अरे, तो तसला आहे ना!

शुद्धलेखनवाली : हे लेखात घ्या.