स्टेकहोल्डर : भागधारक, हितधारक की आणखी काही?

प्रश्न : पुरवठादारांच्या बिलांना मंजुरी देण्याची पद्धत बदलायची आहे, त्याचं टिपण मराठीत लिहितेय. 'योग्य स्टेकहोल्डर ओळखा' या पायरीला 'योग्य भागधारक ओळखा' म्हटलं, पण वाचताना शेअर घेतलेली माणसंच डोळ्यांपुढे येतात. दुसरा शब्द सुचवाल का?

– भागधारक नकोच, तो शेअरहोल्डरसाठी पक्का रुजलेला आहे. स्टेकहोल्डर ही संकल्पना पुढे आली तीच मुळी शेअरहोल्डरच्या पलीकडे बघायला. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या अंतर्गत टिपणात तो शब्द या अर्थाने आला. १९८४ मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक एडवर्ड फ्रीमन यांनी व्याख्या केली, तिचा आशय असा : संस्थेच्या उद्दिष्टांवर जे परिणाम करू शकतात किंवा ज्यांच्यावर त्यांचा परिणाम होतो, ते सगळे. मी 'हितधारक' लिहिते.

– हितधारक चालेल. 'हितसंबंधी' मात्र टाळा. 'यात त्यांचे हितसंबंध गुंतले आहेत' हे आपण संशयानेच म्हणतो. ज्याची मदत हवी त्याला यादीतच संशयित का करायचं? आणि 'सर्व संबंधित' तर इतकं सैल आहे की त्यात कुणी राहून गेलं तरी कळत नाही.

प्रश्नकर्ती : मग 'योग्य' कसं ठरवायचं? माझ्या यादीत लेखाप्रमुख, खरेदीप्रमुख आणि आयटी आहेत.

– ही पदांची यादी झाली. एक बिल हातात घ्या आणि आल्यापासून पैसे जाईपर्यंत ते कुणाकुणाच्या हातून जातं ते बघा. खरेदी आदेश, माल मिळाल्याची पावती आणि बिल, या तिन्हींचा मेळ बसला तरच पैसे सुटतात. त्यातली पावती गोदामातला माणूस करतो. त्याची सही 'वेळखाऊ' म्हणून काढलीत, तर कमी आलेला किंवा फुटका माल नोंदवायची त्याची जागाच जाते आणि मेळ कागदावरच राहतो. तुमच्या यादीत तो नाही. पुरवठादारही नाही, बिल नव्या नमुन्यात पाठवायचं त्यालाच असूनही. लेखापरीक्षक रोजच्या कामात दिसत नाहीत, पण मंजुरीचा पुरावा कुठे राहणार हे त्यांना आधी विचारलं नाही तर वर्षअखेरीला सगळं उलटं फिरवावं लागतं.

– भर घालते. कोणत्या हितधारकाकडे किती लक्ष दिलं जातं हे समजायला मिचेल, एगल आणि वुड या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९७ मध्ये तीन कसोट्या मांडल्या : सत्ता, दाव्याची वैधता आणि निकड. गोदामातल्या माणसाचा दावा वैध आहे, निकडही आहे, फक्त सत्ता नाही. बैठकीला न बोलावले जाणारे बहुतेक असेच असतात. मला हे फार खटकतं.

प्रश्नकर्ती : मग शीर्षकात 'हितधारक' ठेवते आणि खाली दोन रकाने करते : 'ज्यांचं काम बदलणार' आणि 'ज्यांची मंजुरी लागणार'.

– उत्तम. लेखापरीक्षकांचं नाव दोन्हींत घाला.