गावभागातला जुना फ्लॅट घेतोय : घरपट्टी आणि वरखर्च किती धरू?

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात जुना टू बीएचके बघितलाय. तीन मजले, बारा फ्लॅट, आमचा गच्चीखालचा. बँकेचा हप्ता झेपेल, पण हप्त्याशिवाय वर्षाला किती जातील याचा अंदाज लागेना. आजवर भाड्यानंच राहिलोय, घरपट्टीची पावती परवा पहिल्यांदा हातात घेतली.

मालक म्हणाले, "घरपट्टी काय, पाच हजारसुद्धा नाही." पावती मागितल्यावर कॅरीबॅगमधून घडी पडलेला कागद काढला. नाव त्यांच्याही आधीच्या मालकाचं. सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष कर असं करत एकूण ४,८००. क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर. खरेदीखतात मात्र ६४५ चौरस फूट बिल्टअप (भिंतींसकट), म्हणजे ६० चौरस मीटर झाले. शिवाय मागची बाल्कनी खिडकी लावून आत घेतलीय, तिथं देवघर. उद्या फेरमोजणी झाली तर सरळ सव्वापट, ६,००० धरायचे का? मेंटेनन्स महिना ७०० सांगतात. पाणीपट्टी वेगळी. अजून काय सुटतंय?

मिरजकर : सव्वापट धरू नका. जुन्या दस्तांत कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) १.२ पट बिल्टअप लिहायची पद्धत होती. ६० ला १.२ नं भागा, ५० येतात. पावतीवर ४८ आहेत, म्हणजे मोजणी बहुतेक कार्पेटची. फरक पडलाच तर बाल्कनीचा. कर ठरतो वार्षिक भाडेमूल्यावर: चौरस मीटरला महिन्याचा भाडेदर गुणिले क्षेत्र गुणिले १२ महिने, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, उरेल त्यावर टक्केवारी. वाढीव आकारणीची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्या, मुदत गेल्यावर कोण ऐकत नाही.

पण पावती कुठल्या सालची?

धागाकर्ता : २०२१-२२ ची. पुढची सापडत नाही म्हणाले.

मिरजकर : मग सापडणारही नाही! थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते आणि बोजा मिळकतीवर असतो, माणूस बदलला तरी सुटत नाही. इसारात लिहून घ्या की खरेदीआधी सगळं भरून थकबाकी नसल्याचा दाखला विकणारा देईल. खरेदी झाली की घरपट्टीला नाव लावायचा अर्ज लगेच टाका, नाहीतर तुमच्या पावतीवरही त्या जुन्या मालकाचंच नाव येत राहील.

कोबा_पक्का : घरपट्टीचं राहू द्या, ७०० च्या मेंटेनन्सची मला जास्त काळजी वाटते. नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी राखीव पैसे) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी काढायचा असतो. तुमच्या फ्लॅटचं बांधकाम १२ लाखांचं धरलं तर ३,००० आणि ९,०००, म्हणजे नुसते हेच महिना हजार. ७०० मध्ये झाडणारी बाई, जिन्याचं लाईटबिल आणि मोटर भागली तरी पुष्कळ. निधी शून्य असणार, लिहून ठेवा. गच्ची गळायला लागली की खालच्या मजल्यांवरचे "आमच्याकडं कुठं गळतंय" म्हणतात. आधी संस्था आहे की अपार्टमेंट कायद्याखालची इमारत ते विचारा, अपार्टमेंटला नियम तिच्या नोंदणीकृत घोषणापत्रातले. आणि गावभाग म्हणजे २०१९ च्या महापुराचं पाणी पार्किंगमध्ये आलेलंच असणार. मीटरची पेटी तेव्हा वर घेतली का बघा.

धागाकर्ता : आज परत जाऊन आलो. पेटी जिन्यात वर घेतलीय. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे, माझ्या छातीच्या वर. सेक्रेटरी काकांनी पासबुक दाखवलं, शिल्लक ११,४०० आणि तीही सगळ्या बारा घरांची. अपार्टमेंटच आहे. घरपट्टी स्वतः भरून देतो म्हणाले मालक, पण गच्चीपोटी किंमत कमी करायला तयार नाहीत. आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे आहेत, नवा रंग मारून झाकलेत. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) पुन्हा करायचा की वरून केमिकल मारून दोन पावसाळे निघतील? अलीकडं सांगलीत कुणी काम करून घेतलं असेल तर चौरस फुटाला काय पडलं तेवढं सांगा, शनिवारी इसार आहे.