मदत हवी आहे: पाऊस थांबतो, पण छत्री आणखी दोन तास रुसलेलीच

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं घर आहे, तिथे आई एकटी असते. मी डोंबिवलीत. अंगणात लोखंडी पाइपावर फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह टीव्हीची, दोन फुटी छत्री आहे. चार वर्षं एक दिवस कुरकुर नव्हती. या पावसाळ्यात मात्र रोज फोन: "अरे, परत नो सिग्नल."

धो धो पावसात सिग्नल जातो, हे मलाही ठाऊक आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की पाऊस थांबतो, लख्ख ऊन पडतं, अंगणातली कोंबडी पंख झाडून फिरायला लागतात, तरी टीव्ही निळाच. मग दीड-दोन तासांनी आपोआप चित्र येतं. आधी चौकडे चौकडे, मग स्वच्छ. संध्याकाळी सर आली की पुन्हा तेच. सातच्या बातम्या गेल्या की आईचा दिवस गेला.

गावातल्या डिशवाल्याला बोलावलं. त्याने वर न बघताच "एलएनबी गेली" (छत्रीसमोरच्या दांडीवरची, सिग्नल पकडणारी डबी) म्हणून सांगितलं, नवीन बसवली, ५०० रुपये घेतले. दोन दिवस पाऊसच नव्हता, त्यामुळे आम्हीही खूष. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि फोनही.

गणपतीला सगळी भावंडं जमणार आहेत. त्याआधी हे मार्गी लावायचंय. नेमकं काय तपासू?

कौलारू

समोर झाड आहे का? चार वर्षांत झाड केवढं वाढतं! ओली पानं सिग्नल खातात. आमच्याकडे शेवग्याने हाच घोळ केला होता.

पाट्यावरवंटा

टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स फॅक्टरी रिसेट मारा आणि ऑटो स्कॅन करा. ९० टक्के वेळा होतं.

जुना अँटेना

रिसेट अजिबात नको! सिग्नल नसताना स्कॅन मारलात तर बऱ्याच बॉक्समध्ये आहे ती चॅनेलची यादीही पुसली जाते. मग ऊन पडलं तरी आईंना काही दिसणार नाही आणि तुम्ही डोंबिवलीहून फोनवर "आता मेनू दाबा, आता खाली या" करत बसाल. मी हे माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत केलंय. दीड तास चाललं होतं, शेवटी सासूबाईंनी फोन ठेवून दिला.

२००४ साली डीडी डायरेक्ट प्लस नावाने ही सेवा आली तेव्हापासून माझ्या घरावर छत्री आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं, त्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक पहिली बघतात आणि फसतात. स्ट्रेंग्थ म्हणजे वायरीतून बॉक्सपर्यंत एकूण किती आवाज पोचतोय. एलएनबीच्या आत अँप्लिफायर असतो, त्यामुळे छत्री भलतीकडे तोंड करून असली तरी ही पट्टी ७०-८० दाखवू शकते. क्वालिटी म्हणजे त्या गलक्यात आपल्या माणसाचं बोलणं कळतंय का. चित्र दुसऱ्या पट्टीवर चालतं.

तेव्हा शेजारच्या एखाद्या पोराला सांगा, सर पडताना, थांबल्या थांबल्या आणि पुढे दर अर्ध्या तासाने त्या पानाचा फोटो काढ म्हणून. त्याच पानावर फ्रिक्वेन्सी ११०९०, व्ही (म्हणजे उभ्या लहरी), सिंबॉल रेट (माहितीचा वेग) २९५०० ठेवून एक, आणि ११५५० वर एक. दोन्ही हवेत. का ते नंतर सांगतो.

आग्नेय

झाडाचा संशय घरबसल्या फेडता येतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. तुमच्या गावाहून तो जवळपास आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर दिसतो. म्हणजे चांगलाच वर. छत्री तेवढी वर बघताना दिसत नाही, कारण ती ऑफसेट आहे. एलएनबी मधोमध नसून खालच्या दांडीवर असते, म्हणून छत्रीचं ताट दिसायला बरंच उभं असतं. लोक त्या ताटाच्या रोखाने बघतात आणि समोरचा बिचारा माड तोडायला निघतात.

हिशेब सोपा आहे. झाड छत्रीपासून १० फुटांवर असेल तर छत्रीच्या पातळीपासून साडेसोळा फुटांच्या वर गेलं तरच आड येईल. २० फुटांवर असेल तर ३३ फूट.

एक गंमतही सांगतो, आत्ता उपयोगाची नसली तरी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सप्टेंबरअखेरीस सकाळी अकराच्या आसपास काही मिनिटं सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा सिग्नल थोडा वेळ जातो, त्याला घाबरू नका. पण त्याच वेळी अंगणात जाऊन छत्रीवर फांदीची सावली पडलीय का बघा. पडली असेल तर तीच फांदी आड येतेय. याच्याहून स्वस्त यंत्र नाही.

पाट्यावरवंटा

उपग्रहच म्हातारा झाला असेल तर?

आग्नेय

नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानाहून एरियन-५ वर बसून गेलाय, आयुष्य १२ वर्षांचं धरलेलं. म्हातारा झाला तरी तो फक्त गुहागरात, तेही पाऊस पडून गेल्यावर दोन तासच कसा खोकेल?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. फणस आहे, पण आईने पावलांनी मोजलं, वीसएक फुटांवर आहे आणि उंची फार तर पंचवीस फूट. म्हणजे फणस निर्दोष. (आई म्हणाली, "फणसाला हात लावलास तर बघ." विषय संपला.)

शेजारच्या पोराने फोटो पाठवले, काल दुपारचे. स्ट्रेंग्थ दोन्हीकडे पूर्ण वेळ ८० च्या आसपास.

सर पडताना: दोन्हीकडे क्वालिटी ०.
थांबल्या थांबल्या: ११०९० वर १८, ११५५० वर ०.
अर्ध्या तासाने, ऊन: ११०९० वर ३१, ११५५० वर ०.
एका तासाने: ४४ आणि १२.
दोन तासांनी: ६० आणि ३५.

ज्या चॅनेलची फ्रिक्वेन्सी वरची, ती शेवटी येतात, हे आईने आधीच सांगितलं होतं, अर्थात तिच्या भाषेत: "काही काही आधी येतात, काही आळशी आहेत."

जुना अँटेना

आईंनी अर्धं निदान केलंय.

पावसाने जाणारा सिग्नल वाटेतल्या थेंबांमुळे जातो. पाऊस थांबला, ढग सरला की तो दोन-चार मिनिटांत परत यायला हवा. तुमच्याकडे दोन तास लागतात. दोन तासांत आकाशात काही वाळत नाही, वाळतं ते छत्रीवर नाहीतर वायरीत. श्रावण आहे म्हणून हे कळलं तरी. आषाढात सतत ओलंच असतं, तेव्हा कुणाला पत्ता लागला असता?

आता दोन फ्रिक्वेन्सी का मागितल्या ते. एलएनबी वरून आलेल्या लहरीतून ९७५० वजा करते आणि उरलेलं वायरीतून खाली पाठवते. ११०९० चे होतात १३४०, ११५५० चे होतात १८००. वायर कुठलीही असो, वरचा आकडा जास्त झिजतो. त्यात पाणी शिरलं की हा फरक आणखी वाढतो. आळशी चॅनेल तीच.

वर चढाल तेव्हा दोन जागा बघा. एलएनबीचं तोंड, आणि तिच्या मागे जिथे वायर स्क्रूने बसते तो एफ कनेक्टर. हात लावण्याआधी बॉक्सचा प्लग काढा. वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट वर जात असतात. चालू असताना वायरीच्या वेष्टणाखालची धातूची जाळी मधल्या तारेला टेकली तर बॉक्सचं नुकसान होऊ शकतं. आणि आभाळ गडगडत असेल तर पाइपाजवळ जाऊच नका.

धागाकर्ता

शनिवारी पहाटेच्या गाडीने गेलो. सविस्तर लिहितो, कारण माझी मध्येच फसगत झाली.

शिडी लावून वर गेलो तर एलएनबीच्या तोंडावरच्या प्लास्टिकच्या टोपीवर कुंभारमाशीने घर बांधलेलं. बोटाच्या पेराएवढे मातीचे तीन हौद, एकाला एक चिकटून, माती अजून ओली. म्हटलं सापडला चोर! ओली माती तोंडावर म्हणजे सिग्नल काय जाणार? लाकडी चमच्याने खरवडलं, ओल्या फडक्याने पुसलं. क्वालिटी ६० वरून थेट ६८. खाली येऊन आईला म्हटलं, झालं. आईने घावनं केली.

चार वाजता सर आली. सर थांबली. नो सिग्नल.

खरं तर माझं मलाच कळायला हवं होतं. एलएनबी नवी आहे, माशीचं घर आठवड्याभराचं, तक्रार जूनपासूनची.

मग प्लग काढून एफ कनेक्टर सोडवला. डिशवाल्याने नव्या एलएनबीला जुनंच टोक लावलं होतं. त्यावर काळी इन्सुलेशन टेप, तीही वरून खाली गुंडाळलेली, म्हणजे प्रत्येक वेढ्याची चोच वरच्या बाजूला आणि पाणी आत. टेप काढली तर आतून चमचाभर पाणी पायावर पडलं. मधली तांब्याची तार पितळी भांड्याला चिंच लावायचं विसरल्यासारखी कळंकलेली, हिरवीगार. नखाने खरवडली तर टोकाचा तुकडा मोडून हातात आला. वरचं वेष्टण दीड वीत कापत गेलो तरी जाळी काळी आणि ओलसरच.

आता पुढे? किती कापू?

जुना अँटेना

जाळी चांदीसारखी दिसेपर्यंत कापत जा. ओलावा जाळीतून कंदिलाच्या वातीसारखा चढतो-उतरतो, त्यामुळे टोक वरवर पुसून भागत नाही. शिवाय तारेत सतत व्होल्टेज असतं, ओलीत ते असलं की तांबं नुसत्या पाण्याने गंजेल त्याच्या कितीतरी पट लवकर गंजतं. म्हणून चार वर्षं चाललेली वायर एका पावसाळ्यात जाते.

नवं टोक करताना मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर एक-दोन मिलिमीटरच ठेवा आणि जाळीचा एकही केस तिला लागू देऊ नका. कनेक्टर घट्ट बसल्यावर टेप खालून वर गुंडाळायची, कौलं शाकारतात तशी. वरच्या वेढ्याची कड खालच्यावर आली पाहिजे. ताणून लावायची रबरी टेप मिळाली तर उत्तम, ती स्वतःलाच चिकटून एकजीव होते. आणि कनेक्टरपासून निघालेल्या वायरीला खाली एक झोल द्या. पाणी झोलापर्यंत येईल आणि तिथून टपकेल.

कौलारू

झोल घराच्या बाजूलाही द्या. वायर वळचणीतून सरळ आत घेतली असेल तर पाणी तिच्या अंगाने थेट बॉक्समध्ये जातं. आमचा एक बॉक्स तसाच गेला. पाठीमागे उघडला तर आत मुंग्यांनी संसार मांडलेला.

धागाकर्ता

पावणेदोन मीटर कापल्यावर स्वच्छ जाळी लागली. नशिबाने पाइपाला वेढे मारून जादा वायर ठेवलेली होती. नवा कनेक्टर २० रुपयांचा, रबरी टेप शृंगारतळीच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळाली. छत्रीला हात लावलेला नाही. फक्त एलएनबी तिच्या पकडीत किंचित फिरवून बघितली, पाच-पाच मिलिमीटर, एकाने टीव्हीसमोरून आकडा ओरडायचा आणि एकाने वर फिरवायची. दोन टक्के आणखी मिळाले.

रविवारी दुपारी तासभर पडला. पडताना ११०९० वर क्वालिटी ४० च्या खाली गेली नाही. थांबल्यावर मी घड्याळ लावून बसलो होतो, तीन मिनिटांत ७१. ११५५० मात्र ५२ वरच. चित्र स्वच्छ आहे, पण हा आकडा सलतोय. उरलेली वायरही चार वर्षांची आहे आणि एका जागी उंदराने कुरतडल्याच्या खुणा आहेत, वळचणीखाली. तांबं दिसत नाही, पण जाळी दिसते. गणपतीआधी पूर्ण वायर बदलू का, की टेप मारून दिवाळीपर्यंत ढकलू?

जुना अँटेना

जाळी दिसतेय म्हणजे दुसरं भोक तयार आहे. ढकलू नका. आरजी-६ जातीची डिशची वायर घ्या, मधली तार भरीव तांब्याची, आणि मध्ये कुठेही जोड नको. एलएनबीपासून बॉक्सपर्यंत एकसंध. जोड म्हणजे पुढच्या श्रावणातला धागा.

धागाकर्ता

पाइपापासून टीव्हीपर्यंत १३ मीटर भरतंय. १५ घेतो. पुढच्या शनिवारी परत जातोय, आईने आत्ताच सांगून ठेवलंय की येताना कनेक्टर दोन जास्तीचे आण, शेजारच्यांची पण सर थांबल्यावर तासभर बंदच असते.