ब्लू नोटचा तोच काळ, तीन किमती: री-इश्यू घेताना नेमकं काय बघायचं?

बॉप_बदलापूर:
मंडळी, ब्लू नोट या अमेरिकन जॅझ लेबलच्या क्लासिक व्हिनाइल या री-इश्यू (जुन्या अल्बमांची नवी छपाई) मालिकेतली आर्ट ब्लेकीच्या 'मोनिन' अल्बमची रेकॉर्ड घेतली आहे. ब्लू नोटच्याच टोन पोएट मालिकेतल्या रेकॉर्ड साधारण दीडपट किमतीला दिसतात. त्याच काळातले अल्बम युरोपातली काही लेबलं बरीच स्वस्त विकतात. तिन्हींवर '180 ग्रॅम' आणि 'रीमास्टर्ड' छापलेलं असतं. मग जास्तीचे पैसे कशाचे?

दुसरं, वेगळ्याच लेबलच्या एका नव्या कोऱ्या रेकॉर्डवर बी बाजूला सात-आठ फेरे चेन ओढल्यासारखी 'झर्रर्र' येते, डाव्या चॅनलमध्ये जास्त. धुतली, तरी तशीच. सुई ऑडिओ-टेक्निका व्हीएम95ई, तिचा रेकॉर्डवरचा भार 2 ग्रॅम. दोष सुईचा की रेकॉर्डचा?

तिसरं, सोल या अमेरिकन संगीतप्रकाराकडे वळायचं आहे. मोनो (एकच चॅनल) घ्यावं की स्टिरिओ (दोन चॅनल)? नवं काय ऐकण्यासारखं आहे?

लॅकर_आणि_लेथ:
180 ग्रॅम हे फक्त वजन आहे. ग्रूव्हची (सुई धावते त्या चरीची) खोली आणि रुंदी तेवढीच राहते, आवाज ठरतो त्याच्या आधी. त्यामुळे तीनच गोष्टी बघायच्या: मूळ टेप वापरली का, लॅकर (ज्या मूळ तबकडीवर ग्रूव्ह कोरून पुढे साचे बनवतात ती) कोणी कापलं, आणि प्रेसिंग (साच्यात रेकॉर्ड दाबण्याचं काम) कुठलं.

टोन पोएट 2019 मध्ये सुरू झाली. निवड आणि देखरेख जो हार्ली यांची, कटिंग केव्हिन ग्रे यांचं, प्रेसिंग कॅलिफोर्नियातल्या कॅमरिलो इथल्या आरटीआय कारखान्यात. कव्हर उघडणारं, जाड पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवलेलं, आत फ्रान्सिस वुल्फ यांनी सेशनला काढलेले फोटो. क्लासिक व्हिनाइलचं कटिंगही केव्हिन ग्रेच करतात, फक्त प्रेसिंग जर्मनीतल्या ऑप्टिमल कारखान्यात आणि कव्हर साधं. म्हणजे जास्तीचे पैसे मुख्यतः कव्हर आणि प्रेसिंगचे. कानाला पडणारा फरक किमतीच्या फरकाएवढा मुळीच नाही. 'मोनिन'साठी तुम्ही घेतलंत तेच बरोबर. टोन पोएट घ्यावी ती क्लासिकमध्ये न आलेल्या, कमी गाजलेल्या अल्बमांसाठी. त्या मालिकेचा खरा दागिना तोच आहे.

घरात आलेली रेकॉर्ड तपासायची तर लेबलच्या कडेची कोरी पट्टी दिव्याखाली तिरकी धरा. ग्रे यांच्या कटवर 'केपीजी' ही आद्याक्षरं हाताने कोरलेली असतात. व्हर्व्ह या दुसऱ्या जॅझ लेबलच्या अकूस्टिक साउंड्स मालिकेत बहुतेक कटिंग रायन स्मिथ यांचं, स्टर्लिंग स्टुडिओत. तिथे 'आरकेएस' शोधा. ती मालिका कॅन्ससमधल्या सलायना इथे क्यूआरपी कारखान्यात प्रेस होते आणि फार शांत वाजते. क्राफ्ट या लेबलने 2023 पासून पुन्हा काढायला घेतलेली ओरिजिनल जॅझ क्लासिक्सही ग्रे आणि आरटीआय याच जोडीची.

आता स्वस्त युरोपीय रेकॉर्ड. 1962 अखेरपर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं युरोपीय संघात हक्कमुक्त आहेत. म्हणून तिथे कोणीही ती छापू शकतं, पण मूळ टेप मात्र मालक कंपनीकडेच असते. मग सीडीवरून किंवा डिजिटल फाइलवरून कट केलं जातं. कव्हरवर कटिंग करणाऱ्याचं नाव नाही, स्रोताचा उल्लेख नाही, फक्त वजन मोठ्या अक्षरात, अशी रेकॉर्ड सोडून द्या. 'रीमास्टर्ड' हा शब्द स्रोताबद्दल काहीच सांगत नाही.

सुईवाला:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हा नॉन-फिल आहे, दोष रेकॉर्डचा. प्रेसमध्ये गरम पीव्हीसीचा गोळा दोन स्टँपरमध्ये (धातूच्या साच्यांमध्ये) दाबला जातो. तापमान किंवा दाब कमी पडला, किंवा वेळ कमी दिला, तर माल ग्रूव्हच्या भिंतींपर्यंत पूर्ण पोचायच्या आत थिजतो. भिंतीत बारीक खड्डे राहतात आणि सुई त्यांवरून जाताना झर्रर्र वाजतं. बहुतेक वेळा ग्रूव्हच्या एकाच भिंतीत खड्डे जास्त असतात, म्हणून एकाच चॅनलमध्ये जास्त ऐकू येतं. जाड रेकॉर्डला हा दोष जास्त होतो, कारण जास्त माल सरकवायचा असतो. 180 ग्रॅमचं कौतुक करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

खात्री अशी करा. टॉर्च जवळजवळ आडवी धरून रेकॉर्ड फिरवा. त्या जागी करड्या ठिपक्यांचा पट्टा दिसेल. दुसरी एखादी रेकॉर्ड लावून त्याच अंतरावर आवाज येत नाही ना, ते ऐका. नाही आला तर सुई निर्दोष. धुण्याने हा दोष जात नाही आणि वाजवून वाजवून 'बसत'ही नाही. टॉर्चखालचा फोटो आणि वीस सेकंदांचा आवाज दुकानाला पाठवा आणि बदलून मागा.

याच्याशी गल्लत होणारे दोष दोन. सुटी टिकटिक, जागा बदलणारी: ती स्थिर विजेची किंवा आतल्या कागदी पाकिटाच्या कणांची, धुतल्यावर जाते. आणि पियानोचा लांब सूर वर-खाली हेलकावतो: भोक केंद्रातून सरकलेलं आहे. वाजताना टोनआर्म डावीउजवीकडे झुलताना दिसला की ओळखा. तीही परत करण्याचीच गोष्ट.

बाजू संपत आली की सॅक्सोफोन फाटल्यासारखा वाजतो, तो बहुधा रेकॉर्डचा दोष नसतो. 33⅓ वर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर ग्रूव्ह जातो, आतल्या टोकाला जेमतेम 21. तेच सूर निम्म्याहून कमी जागेत मावतात. तुमच्या व्हीएम95ईच्या बॉडीवर मायक्रोलिनियर घडणीची, जास्त बारीक टोकाची सुई थेट बसते, नवं कार्ट्रिज (सुई धरणारा पूर्ण भाग) घ्यावं लागत नाही. दोनशे रुपये जास्त देऊन जड रेकॉर्ड घेण्यापेक्षा पैसे त्या सुईत घाला.

मोनो_मनोहर:
मोनो-स्टिरिओचं उत्तर लेबलप्रमाणे बदलतं.

ब्लू नोटचे ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर 1957 ते 1958 च्या शरदापर्यंत मोनो आणि स्टिरिओ अशा दोन वेगळ्या टेप चालवत. त्यानंतर फक्त दोन ट्रॅकची टेप राहिली आणि मोनो रेकॉर्ड तेच दोन ट्रॅक एकत्र करून कापली गेली. म्हणून सप्टेंबर 1957 च्या कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'ची मोनो आवृत्ती वेगळी ऐकण्यात अर्थ आहे (टोन पोएटने 2022 मध्ये ती मोनो आणि स्टिरिओ अशा दोन्ही रूपांत काढली), पण साठच्या दशकातल्या ब्लू नोटसाठी मोनोचे वेगळे पैसे देऊ नका. अँपवरचं मोनो बटण दाबलं की जवळपास तेच मिळतं.

मोटाउन या सोल लेबलचं उलटं आहे. तिथे साठच्या दशकात सगळी मेहनत मोनो सिंगलच्या मिक्सवर व्हायची, गाडीतल्या रेडिओवर गाणं उठून दिसावं म्हणून. स्टिरिओ मिक्स वेगळं आणि नंतरचं. बटण दाबून ते मोनो मिक्स परत येत नाही: आवाज, डफ आणि बास यांचं प्रमाणच वेगळं असतं. मोटाउनचं साठचं दशक मिळालं तर मोनोच घ्या.

बॉप_बदलापूर:
अँपवर मोनो बटणच नाही. काही उपाय? आणि मोनोसाठी वेगळी सुई लागते का?

मोनो_मनोहर:
दोन आरसीए वाय-अडॅप्टर घ्या: एक दोन्ही चॅनल एकत्र करणारा, दुसरा परत दोन करणारा. ते टर्नटेबल आणि फोनो स्टेजच्या (सुईचा क्षीण संदेश वाढवणाऱ्या प्रीअँपच्या) मध्येच लावा. फोनो स्टेजच्या नंतर लावलेत तर तिचे दोन आउटपुट एकमेकांवर चालतील, ते टाळा. टर्नटेबलमध्येच प्रीअँप असेल तर आधी तो बंद करा. वायर आखूड ठेवा: व्हीएम95 ला 100 ते 200 पिकोफॅरड कपॅसिटन्सचा भार लागतो आणि अडॅप्टर-वायर जोडल्या की तो वाढतो.

नव्या मोनो री-इश्यू स्टिरिओ कटिंग हेडनेच कापलेल्या असतात, त्यांना तुमची सुई चालते. 25 मायक्रॉनची जाड सुई फक्त पन्नासच्या दशकातल्या मूळ मोनो एलपींसाठी.

सोल_सातारकर:
जुन्या सोलमध्ये सावध राहा. अटलांटिक या लेबलच्या न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचच्या गोदामाला 1978 मध्ये आग लागली आणि सेशनची पुष्कळ रिळं गेली. स्टॅक्स या दुसऱ्या सोल लेबलच्या मे 1968 पूर्वीच्या मास्टर टेप करारामुळे अटलांटिककडेच राहिल्या. त्यामुळे ओटिस रेडिंग एका मालकाकडे आणि आयझॅक हेझचा 'हॉट बटर्ड सोल' दुसऱ्याकडे, आणि एका लेबलची री-इश्यू छान म्हणून दुसरीही छान निघेल असं नाही. एकेक शीर्षक तपासा.

नव्यात ब्रुकलिनचं डॅपटोन आणि ओहायोचं कोलमाइन ही दोन लेबलं डोळे मिटून घ्या. शॅरन जोन्स आणि डॅप-किंग्ज टेपवर मुद्रण करत, आणि ड्रम्सचा तो कोरडा, जवळचा ठोका 7 इंची 45 वर (मिनिटाला 45 फेरे फिरणाऱ्या छोट्या रेकॉर्डवर) जसा लागतो तसा एलपीवरही लागत नाही. अमेरिकन 45 चं भोक दीड इंची असतं, अडॅप्टर आधीच मागवून ठेवा. विस्मरणात गेलेल्या छोट्या लेबलांचं सोल हवं असेल तर शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपचे 'एक्सेंट्रिक सोल' संच बघा. त्यातल्या पुस्तिका वाचण्यासारख्या असतात.

लॅकर_आणि_लेथ:
आपल्याकडच्या हवेसाठी एवढं जोडतो. बाहेरचं घट्ट प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढा. ते आवळत जातं, रेकॉर्ड वाकते, आणि पावसाळ्यात आत ओल धरून कव्हरवर बुरशी येते. आतल्या कागदी पाकिटाऐवजी अँटिस्टॅटिक एचडीपीई पाकीट, बाहेर पॉलिप्रॉपिलीन. पीव्हीसीची जाड पाकिटं नकोत, त्यांतलं मऊ करणारं रसायन रेकॉर्डवर ढगासारखा डाग पाडतं.

धुण्यासाठी 800 मिली डिस्टिल्ड वॉटर, 200 मिली शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे तीन-चार थेंब. जास्त थेंब घातले तर ग्रूव्हमध्ये थर बसतो आणि सुईवर पांढरा गोळा जमतो. ब्रश ग्रूव्हच्या दिशेनेच फिरवा आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने खळबळा. बोअरचं पाणी अजिबात नको, वाळल्यावर क्षार ग्रूव्हमध्येच राहतात. घरात जुन्या 78 च्या तबकड्या असतील तर त्यांना हे द्रावण लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. त्यांच्यासाठी अल्कोहोल वगळून बाकीचं तेवढंच.