स्टँडर्ड हेराल्डचे पार्ट इंग्लंडहून मागवायचे आहेत, नागपुरात कोणी मागवले आहेत का?

निळी_हेराल्ड (धरमपेठ)

नमस्कार मंडळी. घरी आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड गाडी आहे, मद्रासला बनलेली, ९४८ सीसीवाली, बरीच वर्षं पोर्चमधे ताडपत्रीखाली पडून होती. इंजिन फिरते, बॉडी वरून चांगली आहे, खालून सडली आहे पण ते वेल्डिंगवाला पाहून घेईल. गाडं अडलं ते पुढच्या चाकांत. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं तर खालच्या ट्रनियनमधे, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या सांध्यात, चांगलाच प्ले (ढिलेपणा), दोन्हीकडे. ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम. दाराची न पुढच्या काचेची रबरं हातात घेतली की भुगा.

इथे दुकानात विचारलं तर एकाने मलाच विचारलं हेराल्ड कोणत्या कंपनीची, अन् दुसऱ्याने ॲम्बेसिडरचं काहीतरी काढून हातात दिलं, म्हणे बसवून पाहा. इंग्लंडच्या साइटवर, रिमर ब्रदर्स म्हणा कॅनली क्लासिक्स म्हणा, सगळं दिसून राहिलं, कार्टमधे टाकूनही ठेवलं पण पैसे भरायला हात होत नाही. कस्टमवाले किती लावतात, माल अडकते का, तिकडून काय मागवायचं अन् इथेच काय करून घ्यायचं? अन् एका पार्टसमोर सरचार्ज म्हणून वेगळे पौंड लावून राहिले ते काय आहे? "भंगारात दे" हा सल्ला घरून रोज मिळते, तो सोडून बोला.

सिव्हिल_लाइन्स_काका

पहिले कार्ट बंद कर आणि गाडीखाली झोप. गंमत नाही करून राहिलो. तिकडच्या कॅटलॉगमधे "अमुक कमिशन नंबरपासून पुढे" असं लिहिलेलं असते, तो नंबर इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनलेल्या गाड्यांचा, तिकडे हीच गाडी ट्रायम्फ हेराल्ड. तुझी मद्रासची, तिच्या प्लेटवरचा नंबर तिथे टाकून काही उपयोग नाही, पार्ट मोजूनच मागवावा लागते. तिकडे १९५९ साली ९४८ सीसीनेच सुरुवात झाली पण नंतर ११४७ आणि १२९६ आले आणि आज तिकडे ज्या गाड्या उरल्या त्यात या मोठ्या इंजिनवाल्याच जास्त, म्हणून नुसतं "हेराल्ड पिस्टन सेट" वाचून पुढे कधी इंजिनचं घेशील तर ६९.३ मिलिमीटरचा डबा येईल, तुझा बोअर, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरचा व्यास, ६३ चा. ब्रेकचंही तसंच, तिकडच्या बऱ्याच गाड्यांना पुढे डिस्क आहेत, तुझी ड्रमवाली असेल. व्हील सिलिंडर काढ, साफ कर, व्हर्नियर लाव, आकडा लिहून ठेव आणि मग ऑर्डर.

आता ट्रनियन. हा पितळी तुकडा, त्यात उभा व्हर्टिकल लिंक आट्यांवर फिरते, स्टेअरिंग वळवलं की तोच फिरून राहिला असते. एका बाजूचे आटे सरळ आणि दुसऱ्या बाजूचे उलटे. त्यामुळे डावा-उजवा बघून एकेक मागव, दोन नग एकाच नंबरचे मागवून बसू नको. आणि नवीन ट्रनियन यायच्या आधी व्हर्टिकल लिंकच्या आट्यांवरून नख फिरवून पाहा, धार गेली असेल, गंजाचे खड्डे असतील तर नुसतं ट्रनियन बदलून प्ले जाणार नाही, लिंकही लागेल. हा खर्च आत्ताच धर. बसवल्यावर त्यात ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल. आपल्याकडे प्रत्येक मिस्त्री निप्पल दिसलं की ग्रीस मारते, ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत जात नाही, खाली पाणी साचते, लिंक गंजते आणि एक दिवस चौकात चाक आडवं पडते. हेराल्ड जितक्या मोडल्या त्यातल्या कितीतरी याच पायी मोडल्या.

ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब म्हणून तिकडे १९७७ पासूनचा क्लब आहे, हेराल्ड-स्पिटफायर अशा ट्रायम्फ गाड्यांवाल्यांचा. फोटो टाकून विचारलं तर लोक मनापासून सांगतात.

घाट_रोड_गॅरेज

काका बरोबर बोलून राहिले पण मिस्त्रीवर काहून घसरले 😀 आम्ही ऑइलच मारतो.

भाऊ सगळंच तिकडून मागवायची गरज नाही बा. ब्रेक शू घेऊन ये, लायनिंग इथंच रिव्हेट करून मिळते. क्लच प्लेटचंही तसंच. रेडिएटरचा कोर नवीन टाकून मिळते, अन् तो टाकच, नवतपात, मे अखेरच्या उन्हात, तुझी हेराल्ड व्हरायटी चौकात सिग्नलवर उकळली तं आम्हाले फोन करशील. व्हील सिलिंडरचा अंग चांगला असन तं आतून स्टीलची स्लीव्ह मारून जुन्या साइजवर आणता येते, मंग फक्त रबर किट लागते. सायलेन्सर, ब्रेकचे पाइप, स्प्रिंगचे पट्टे, बुश हे सारं इथलं. दाराची रबर मीटरवर मिळते, जुन्या रबरचा चार बोटं तुकडा कापून घेऊन जा, आडवा छेद जुळला पाहिजे, नुसती जाडी पाहून घेतली तं दार लागत नाही.

पण ट्रनियन लेथवर बनवू नको. लेथवाला म्हणन देतो ना बनवून, अन् बनवूनही देईन, चकाचक दिसन, पण पितळ कोणतं वापरलं अन् आट्याचा फिट किती ढिला ठेवला हे ना तुले समजन ना त्याले. चाक त्याच्यावर उभं आहे. ते अन् पुढच्या काचेचं रबर तिकडून मागव, काचेचं रबर कोपऱ्यात जुळलं नाही तं पावसाळ्यात पाय भिजते.

अजून एक, चेन्नईच्या पुदुपेटले, जुन्या पार्टच्या बाजारात, फोन फिरवून पाहा. स्टँडर्डचा कारखानाच तिकडं होता, जुना माल अजून निघते.

जीपवाला_कामठी

पैशाचं मी सांगतो, मी अमेरिकेहून विलीज जीपचे पार्ट मागवत असतो पण नियम सारखाच. पहिले साइटवर देश बदलून इंडिया कर. तिथे दिसणाऱ्या किमतीत त्यांचा २० टक्के व्हॅट धरलेला असते अन् देशाबाहेर जाणाऱ्या मालावर तो लागत नाही, म्हणजे ६० पौंडाचा पार्ट चेकआउटला ५० चा व्हायला पाहिजे, नाही झाला तर ऑर्डर करायच्या आधी मेल टाकून विचार, नंतर परत घेणं म्हणजे डोकेदुखी.

ड्युटी नुसत्या पार्टवर नाही लागत. किंमत अधिक भाडं अधिक इन्शुरन्स, या बेरजेवर बेसिक ड्युटी, बेसिकच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, अन् मग या सगळ्याच्या वर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. तो आधी २८ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. बेसिकचा रेट बजेटमधे खालीवर होत असते अन् माल खासगी वापराचा दाखवला का पार्टच्या कोडखाली दाखवला यावरही असते, त्यामुळे कोणी एक टक्का सांगितला तर त्याच्या भरवशावर राहू नको, त्या आठवड्यात कुरिअरवाल्याला विचार. कुरिअरवाला त्याची क्लिअरन्स फी वेगळी लावते अन् त्या फीवरही जीएसटी. केवायसी मागतात, आधार नाही तर पॅन तयार ठेव, नाव पार्सलवरच्या नावाशी जुळलं पाहिजे, "बंटी" म्हणून मागवशील तर मुंबईतच पडून राहीन.

लोकांचं गणित कुठे बिघडते तर व्हॉल्यूमेट्रिक वजनात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमधे, भागिले ५०००. काचेचं रबर दोन किलोचं असन पण ५० बाय ५० बाय २० च्या खोक्यात टाकलं की बिल १० किलोचं. म्हणून ऑर्डर टाकतानाच लिहायचं, रबर गुंडाळून लहान खोक्यात द्या, पितळी माल त्याच्याच मधे बसवा. चांगले दुकानदार ऐकतात. दोन ट्रनियनसारखा जड अन् लहान माल असन तर पोस्टाने स्वस्त पडते, शेवटी जीबी असलेला ट्रॅकिंग नंबर आपल्या इंडिया पोस्टच्या साइटवरही चालते, ड्युटी पोस्टमन दारात घेते. उशीर होते, पण पडूनच आहे ना गाडी.

तुझ्या पार्टसमोरचा तो सरचार्ज म्हणजे जुन्या पार्टचं डिपॉझिट. ते रिकंडिशन करून विकतात, तू तुझा जुना परत पाठवला की पैसे परत. नागपूरहून जुना लोखंडी पार्ट पाठवायला जितके लागतील त्यात सरचार्ज बुडालेला परवडते. शक्यतो नवीनच घे, नाहीतर सरचार्ज किमतीतच धर.

निळी_हेराल्ड (धरमपेठ)

बाप रे, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. अजून दोन गोष्टी. लेस्टरला मावसभाऊ आहे, तो म्हणते मी घेऊन गिफ्ट लिहून पाठवतो, ड्युटी लागणार नाही. आणि लिलावाच्या साइटवर एक जण जुन्या स्टॉकमधला ओरिजिनल गर्लिंग कंपनीचा ब्रेक किट विकून राहिला, सीलबंद डबा, फोटोत तर एकदम नवा. घेऊ का?

जीपवाला_कामठी

गिफ्टवाली सूट डिसेंबर २०१९ मधेच गेली. आता गिफ्ट असो का काही असो, पूर्ण ड्युटी भरूनच येते. राखी अन् जीवरक्षक औषधं तेवढी सुटली आहेत, मावसबहीण असन तर पाहा 😂 अन् किंमत कमी लिहायला तर सांगूच नको, पकडलं तर दंड, अन् हरवलं तर इन्शुरन्सही तेवढाच मिळन. भावाचा खरा उपयोग वेगळा आहे. त्याच्या घरी सगळ्या दुकानांचा माल गोळा कर, त्याला खोकी उघडून फोटो काढायला लाव, चुकीचा आला तर तिथल्या तिथे परत करता येते. फक्त मग व्हॅट भरावा लागन, ते गणित करून पाहा.

डुक्कर_फियाट

सीलबंद ब्रेक किट अजिबात नको. डबा नवा आहे, रबर पन्नास वर्षांचं आहे. लोखंड, पितळ, काच, पितळी जेट, गिअर हे जुन्या स्टॉकमधलं मिळालं तर डोळे झाकून घ्या, आजच्या नकलेपेक्षा बरं असते. रबर मात्र कालचं पाहिजे. ब्रेकच्या कपाची ओठाची कड डब्यातच कडक झालेली असते, बसवताना कळत नाही, पहिल्या घाटात कळते.

माझी फियाट ११००, दार उलट्या बाजूने उघडणारी. तिचे पार्ट मी इटलीतून मागवतो, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो. एक म्हणजे तिकडचं ड्रायव्हर डाव्या हाताला, स्टेअरिंग बॉक्स, पेडलचं लिंकेज, वायपर हे काही आपल्या कामाचं नाही. हेडलाइटसुद्धा नाही, त्यांचा डिपर उजवीकडे पडते, इथे समोरच्याच्या डोळ्यात जाईन. इंजिनचं, गिअरबॉक्सचं मात्र झकास मिळते. तुमचं इंग्लंडचं असल्याने ही भानगड नाही.

पण तुमच्याकडे दुसरी भानगड आहे, आट्यांची. इंग्लिश गाडीत ब्रेक होज तीन अष्टमांश यूएनएफ, म्हणजे इंची आटे, आपल्या दुकानात सर्रास मिळते ते एम १० बाय १, मिलिमीटरचे आटे. मिलिमीटरमधे बघितलं तर ९.५ आणि १०, हाताने दोन आटे धरतातही. मिस्त्री पाना लावून बसवून टाकतो. ब्रेक दाबला की तिथूनच निसटते. तिकडून होज मागवत असाल तर बाकी फिटिंगही तिकडचेच घ्या, अर्धं इथलं अर्धं तिकडचं करू नका. आमच्या गॅरेजवाल्या भाऊंनी रागवू नये.

आणि नवीन बनलेलं सगळं चांगलं असते असंही नाही. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर आर्म, कंडेन्सर, पॉइंट, यांच्या नकला फार वाईट निघतात, रोटरच्या मधल्या रिव्हेटमधून करंट आतल्या आत उतरते आणि गाडी गरम झाली की बंद. बिनरिव्हेटचे लाल रोटर मिळतात तिकडे, ते घ्या. एकदा इंग्लंडहून आलेल्या डब्यावर "मेड इन इंडिया" वाचलं तेव्हा बायको अर्धा दिवस हसत होती. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट घ्यायचा झाला तर आधी बॅटरीचा कोणता टोक बॉडीला जोडला आहे ते पाहा, जुन्या इंग्लिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असते, उलटा किट लावला की धूर.

घाट_रोड_गॅरेज

रागावलो नाही. होजचं खरं आहे, मी गेज ठेवतो, सगळे ठेवत नाही.

सिव्हिल_लाइन्स_काका

पेट्रोलचं कोणी बोललं नाही. इंग्लंडात सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई १०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, झालं, तेव्हापासून तिकडचे दुकानदार इथेनॉल सोसणारे पंपाचे डायफ्राम आणि होज वेगळे विकतात. आपल्याकडे तर ई २० आहे. त्यामुळे ऑर्डरमधे पंपाचा किट आणि आर ९ दर्जाचा फ्युएल होज घालच, हलका माल आहे, भाडं वाढत नाही. जुनं रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते, कार्बोरेटरमधे काळा चिखल येते.

आणि जुने पार्ट फेकू नको. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेजचे नियम आणले, पन्नास वर्षांवरची गाडी, व्हीए सिरीजचा नंबर, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. त्यात चेसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. तुझं ट्रनियन आणि रबर बदललं म्हणून काही बिघडत नाही, पण उद्या कोणी म्हणेल की यात मारुतीचं इंजिन टाकून देतो, चालते मस्त, तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. मात्र त्या नंबरावर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, हे घरी आधी सांगून ठेव.

निळी_हेराल्ड (धरमपेठ)

ठरलं तर मग. आज डाव्या बाजूचं खोललं. ट्रनियनमधे वाळलेलं ग्रीस खच्चून भरलेलं, काका. लिंकच्या आट्यांना वर धार आहे, खालच्या दोन-तीन फेऱ्यांत खड्डे आहेत. म्हणजे लिंकही मागवावा लागेल, सरचार्जवाला तोच होता. इंग्लंडहून दोन ट्रनियन, दोन लिंक, काचेचं रबर, होज फिटिंगसकट, रबर किट, पंपाचा किट, लाल रोटर. लायनिंग, रेडिएटर, दाराची रबर इथे. सिलिंडरला स्लीव्ह मारायची तर किती दिवस लागतात, गॅरेजवाले भाऊ?

घाट_रोड_गॅरेज

पहिले सिलिंडर पाहू दे. आत खड्डा खोल असन तं स्लीव्ह, नाही तं नुसतं होनिंग करून, म्हणजे आतून घासून, चालून जाते, मंग रबर किटची साइज बदलू शकते, म्हणून किट आत्ताच मागवू नको, बाकीचं टाक. चारही घेऊन ये, मागचेही. सोमवारी दुपारनंतर ये, सकाळी लेथवाला नसते.

जीपवाला_कामठी

ऑर्डर टाकायच्या आधी मला मेसेज कर, एका मित्राला स्पिटफायरचं वॉटर पंप पाहिजे, त्याच खोक्यात बसून जाईन, भाडं अर्धं अर्धं.